एका सीटचे दोन मालक!

दिवा-रोहा मेमूला रिझर्व्हेशन नसतं, पण घटकाभर समजा की आहे. एका सीटवर नवरा-बायको अडजस्ट करून बसलेत. नवरा पेणला उतरला. टीसीनं मागचापुढचा विचार न करता लिहून टाकलं, ‘सीट रिकामी’. कासूला ती दुसऱ्याला दिलीसुद्धा! नागोठण्याला बायको उतरली. साहेबांनी तीच सीट पुन्हा रिकामी दाखवून तिसऱ्याला दिली. रोहा येईपर्यंत डब्यात राडा!

लिनक्सच्या कर्नलमध्ये अगदी हाच राडा तब्बल ११ वर्षं लपून होता. कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. मेमरीचा कुठला तुकडा कुणाला द्यायचा, परत कधी घ्यायचा, हे तोच ठरवतो. २००५ मध्ये त्यात डीसीसीपी हा नेटवर्क प्रोटोकॉल आला. त्यात आलेलं पॅकेट कर्नलचा दुसरा भाग अजून धरून असतानाच त्याची मेमरी सक्तीनं मोकळी केली जायची. मग तो भाग आपलं काम संपवून तीच मेमरी पुन्हा मोकळी करायचा. याला म्हणतात डबल फ्री. डेंजर असं, की मधल्या वेळात त्या जागी हवं ते पेरून ऑफिसच्या सर्व्हरवरचा साधा लॉगिनवाला थेट रूट, म्हणजे मशीनचा मालक, होऊ शकत होता!

असला बग सापडणं महाकठीण. चूक एकीकडे, मशीन कोसळणार भलतीकडेच. शिवाय कर्नल थांबवला तर बघणार कशावर? त्यासाठी केजीडीबी वापरतात, म्हणजे दुसऱ्या मशीनवरून पहिल्याची नाडी बघायची. २००० नंतर काही वर्षं हे टूल सांभाळलं पुण्याच्या अमित काळे यांनी. २००८ मध्ये ते अधिकृत कर्नलमध्ये गेलं.

हा बग मात्र गूगलच्या आंद्रे कोनोवालोवनं पकडला, तो सिझकॉलरनं. हा प्रोग्रॅम कर्नलला रात्रंदिवस वेड्यावाकड्या कॉल्सनी छळतो. जोडीला केसॅन: मेमरीच्या दर ८ बाइट्समागे १ बाइटची नोंदवही. मोकळ्या जागेला हात लागला, की लगेच बोंब!

फेब्रुवारी २०१७ मध्ये दुरुस्ती झाली. खरा बदल जेमतेम दोन ओळींचा: सक्तीनं मोकळं करू नका, आधी धरणारे किती ते मोजा, आकडा शून्य झाला तरच सोडा. टीसीनं ‘अजून कुणी आहे का हो?’ एवढंच विचारायचं होतं.

गंमत म्हणजे डीसीसीपी फारसं कुणी वापरतच नव्हतं. २०२५ मध्ये लिनक्सनं तो अख्खा डबाच गाडीतून काढून टाकला.