पाय मुरगळला? आधी चोळू नका

जिन्याची शेवटची पायरी चुकते किंवा रस्त्यावरच्या खड्ड्यात पाय पडतो. पाऊल आतल्या बाजूला वळते आणि घोट्यातून कळ जाते. थोड्या वेळात बाहेरच्या बाजूला सूज येते. घरात कोणीतरी म्हणतेच, "नस चढली असेल, तेल लावून चोळून घे." तेवढे मात्र करू नका.

नेमके काय होते?

नस चढलेली नसते. घोट्याची हाडे एकमेकांना बांधून ठेवणाऱ्या चिवट पट्ट्यांना लिगामेंट म्हणतात. पाऊल आत वळले की बाहेरच्या बाजूचे लिगामेंट ताणले जाते, थोडे फाटते किंवा पूर्ण तुटते. सोबत बारीक रक्तवाहिन्याही फुटतात, म्हणून सूज येते आणि त्वचा काळीनिळी पडते. हा काळेपणा दोन-तीन दिवसांत बोटांपर्यंत उतरला तरी घाबरू नका, आत साठलेले रक्तच खाली सरकलेले असते. अशा पायाला जोराने चोळले, शेकले किंवा ओढून लचक काढली, तर रक्तस्राव आणि सूज वाढते. हाड मोडलेले असेल तर ते जागेवरून सरकूही शकते. आंबेहळदीच्या लेपाला माझी हरकत नाही. फक्त तो गरम नको, चोळून नको आणि त्वचा फाटली असेल तर मुळीच नको.

एक्स-रे कधी काढायचा?

"चालता येते, म्हणजे हाड मोडलेले नाही" यावर पूर्ण विसंबू नका. कॅनडातील ओटावा येथील डॉक्टरांनी १९९२ मध्ये मांडलेले नियम आम्ही आजही वापरतो. पडल्यावर लगेच आणि तपासतानाही, लंगडत का होईना, चार पावले टाकता आली नाहीत तर एक्स-रे हवा. घोट्याच्या दोन्ही बाजूंना जी हाडे वर आलेली दिसतात, त्यांच्या मागच्या कडेवर किंवा टोकावर बोटाने दाबून दुखत असेल, तरीही हवा. पावलाच्या बाहेरच्या कडेला, साधारण मध्यावर हाडाचा उंचवटा लागतो. तिथे दुखत असेल तर तिथलेही हाड मोडलेले असू शकते.

पाऊल वाकडे दिसत असेल, बोटे थंड किंवा बधिर पडली असतील तर थेट रुग्णालय गाठा. लहान मुलांना आणि जुना मधुमेह असलेल्यांना मी नेहमी दाखवायलाच सांगतो. मुलांत हाडाचा वाढीचा भाग लिगामेंटपेक्षा कमकुवत असतो. मधुमेहात पायाची संवेदना कमी झालेली असते, त्यामुळे दुखत नाही यावर भरवसा ठेवता येत नाही.

पहिले दोन-तीन दिवस

बर्फ रुमालात गुंडाळून १५-२० मिनिटे ठेवा, दर दोन-तीन तासांनी. थेट त्वचेवर नको. क्रेप बँडेज बोटांकडून वर बांधत न्या. बोटे निळसर दिसली किंवा मुंग्या आल्या तर सैल करा. पाय उशांवर, छातीपेक्षा उंच ठेवा. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल बहुतेकांना पुरते. मूत्रपिंडाचा आजार किंवा अल्सर असेल, तर मेडिकलमधून दुसऱ्या वेदनाशामक गोळ्या परस्पर आणू नका.

दुखणे थांबले, पुढे काय?

उपचारातला सर्वांत दुर्लक्षित भाग हाच. सूज ओसरते, माणूस कामाला लागतो आणि काही महिन्यांनी तोच पाय पुन्हा मुरगळतो. पाऊल कसे पडले आहे याची खबर मेंदूला देण्यात लिगामेंटचाही वाटा असतो आणि दुखापतीनंतर ही खबर नीट पोचत नाही. म्हणून पहिल्या दोन-तीन दिवसांनंतर, दुखणार नाही इतपत, पाऊल वर-खाली आणि गोल फिरवायला लागा. आधार घेऊन चालायला सुरुवात करा. नीट उभे राहता येऊ लागले की भिंतीजवळ त्या एकाच पायावर ३० सेकंद उभे राहा. जमले की डोळे मिटून. रोज दात घासताना केले तर वेगळा वेळही लागत नाही. हे निदान सहा आठवडे करा.

साधी लचक एक-दोन आठवड्यांत बरी होते. लिगामेंट पूर्ण तुटले असेल तर तीन महिनेही लागतात. पूर्ण तुटले तरी शस्त्रक्रिया क्वचितच लागते. सहा आठवड्यांनंतरही घोटा चालताना दगा देत असेल, तर अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा.