साक्षीदाराची उलटतपासणी

बेडकाचे पिल्लू पाण्यात असते तेव्हा त्याला शेपटी असते. पिल्लाचा बेडूक होतो आणि शेपटी नाहीशी होते. ती तुटून पडत नाही. तिच्यातील पेशी मरत जातात आणि त्यांतील द्रव्ये शरीर पुन्हा वापरते. आईच्या पोटात आपल्या हाताची बोटे तयार होतात तीही काहीशी अशीच. सुरुवातीला पंजा वल्ह्यासारखा सलग असतो. बोटांच्या मधल्या जागेतील पेशी मरतात म्हणून बोटे सुटी होतात. प्रौढ माणसाच्या शरीरातही रोज काही हजार कोटी पेशी अशा रीतीने मरतात आणि आपल्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

हा मृत्यू अपघाती नसतो. भाजले किंवा चेंगरले की पेशी फुगतात, फुटतात आणि आजूबाजूला दाह होतो. येथे मात्र पेशी आक्रसते, तिच्या केंद्रकातील डीएनएचे तुकडे होतात, ती लहान लहान पुड्यांत विभागली जाते आणि इतर पेशी त्या पुड्या गिळून टाकतात. जॉन केर, अँड्र्यू वायली आणि अ‍ॅलिस्टर करी यांनी १९७२ मध्ये या प्रकाराला ‘अपॉप्टोसिस’ हे नाव दिले. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ झाडाची पाने किंवा फुलाच्या पाकळ्या गळणे. म्हणजे आपली पानगळच. पान गळते, झाड जगते.

ही पानगळ बिघडली तर मात्र परिणाम गंभीर होतात. ज्या पेशी मरायला हव्यात त्या जगत राहिल्या तर कर्करोगाला वाट मिळते. ज्या जगायला हव्यात त्या मेल्या तर मेंदूसारख्या अवयवाचे नुकसान होते. म्हणूनच, विशेषतः कर्करोगावरील नव्या औषधांचा अभ्यास करताना, संशोधकांना सतत एक प्रश्न पडतो : या पेशी याच मार्गाने मरत आहेत का? त्याचे उत्तर देण्यासाठी बहुतेक वेळा एका साक्षीदाराला बोलावले जाते. हा साक्षीदार म्हणजे एक प्रतिपिंड. तो काय पाहतो, आणि त्याच्या साक्षीवर किती विश्वास ठेवायचा, हे या लेखात पाहू.

म्यानातली कात्री

पेशीमृत्यूचे कोडे उलगडले ते एका कृमीमुळे. सिनोऱ्हॅब्डायटिस एलेगन्स नावाचा हा कृमी जेमतेम १ मिलिमीटर लांब असतो. त्याच्या उभयलिंगी प्रकारात वाढ होताना शरीराच्या १,०९० पेशी तयार होतात आणि त्यांतील १३१ ठरलेल्या वेळी मरतात. प्रत्येक कृमीत मरतात त्याही नेमक्या त्याच पेशी! याचा अर्थ मरणाची आज्ञा जनुकांत लिहिलेली असली पाहिजे. रॉबर्ट हॉर्विट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशी जनुके शोधून काढली. त्यांतील ‘सेड-३’ या जनुकापासून बनणारे प्रथिन माणसातील एका प्रथिने कापणाऱ्या विकरासारखे, म्हणजे एन्झाइमसारखे आहे, असे १९९३ मध्ये दिसून आले. या संशोधनासाठी सिडनी ब्रेनर, जॉन सल्स्टन आणि हॉर्विट्झ यांना २००२ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

माणसात या विकरांचे एक कुटुंबच आहे. त्यांना ‘कॅस्पेज’ म्हणतात. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची माळ. कॅस्पेज ही माळ अ‍ॅस्पार्टिक आम्लाच्या मण्यापुढे कापते. पण वाटेल तेथे नाही. त्या मण्याच्या मागचे दोन-तीन मणीही जुळावे लागतात.

या कुटुंबातील कॅस्पेज-३ हे मुख्य कात्रीचे काम करते. ते २७७ मण्यांच्या अखंड माळेच्या रूपात तयार होते आणि अखंड असेपर्यंत जवळजवळ निष्क्रिय असते. जणू कात्री म्यानात ठेवलेली. मृत्यूची आज्ञा आली की कुटुंबातीलच दुसरे कॅस्पेज या माळेला १७५ व्या मण्यानंतर कापते. सुरुवातीचा एक लहान तुकडाही निघून जातो. अखंड माळेचा रेणुभार सुमारे ३२,००० असतो. तिच्यापासून सुमारे १७,००० आणि १२,००० रेणुभाराचे दोन तुकडे मिळतात. हे तुकडे एकत्र बसतात आणि कात्री चालू होते. मग ती पेशीतील अनेक प्रथिने कापत सुटते. त्यांतले एक प्रथिन डीएनए कापणाऱ्या विकराला बांधून ठेवत असते. तेच कापले गेल्यावर ते विकर मोकळे होते आणि डीएनएचे तुकडे पडतात.

आता एक गोष्ट ध्यानात येईल. ‘पेशीत कॅस्पेज-३ आहे का?’ असे विचारून उपयोग नाही. धडधाकट पेशीतही ते असतेच. विचारायला हवे ते असे : ‘पेशीत कापलेले कॅस्पेज-३ आहे का?’

खडूचे मोडलेले टोक

वर्गात एक अखंड खडू हातात घ्या आणि मध्यावर मोडा. मोडल्यावर जो खडबडीत भाग उघडा पडतो तो अखंड खडूत दिसत नव्हता. खडू तोच, पण मोडलेले टोक नवे. कॅस्पेज-३ कापले गेले की त्याचेही असेच नवे टोक उघडे पडते. केवळ हे टोक ओळखणारा कोणी मिळाला तर आपले काम झाले.

असा ओळखणारा ससा बनवून देतो. आपल्या शरीरात परके प्रथिन शिरले की रक्तात त्याला चिकटणारी प्रतिपिंडे तयार होतात. कॅस्पेज-३ च्या कापलेल्या टोकाशी जुळणारी काही अमिनो आम्लांची छोटी माळ प्रयोगशाळेत तयार करतात, ती एका मोठ्या प्रथिनाला जोडतात आणि सशाला टोचतात. सशाच्या रक्तात त्या टोकाला चिकटणारी प्रतिपिंडे तयार होतात. ती वेगळी काढायची आणि अखंड कॅस्पेज-३ ला चिकटणारी त्यांतून वगळायची. उरतो तो आपला साक्षीदार.

साक्ष दोन रीतींनी नोंदवतात. पहिल्या रीतीत पेशींतील प्रथिने एका जेलमधून विजेच्या साहाय्याने पळवतात. लहान प्रथिने पुढे जातात, मोठी मागे राहतात. मग ती एका पातळ पटलावर उतरवून घेतात आणि त्यावर प्रतिपिंड सोडतात. ते जेथे चिकटेल तेथे पट्टा उमटेल अशी सोय केलेली असते. पट्टा १७,००० रेणुभाराच्या जागी उमटला तर साक्ष जुळली. या रीतीला ‘वेस्टर्न ब्लॉट’ म्हणतात. दुसऱ्या रीतीत ऊतीच्या पातळ कापावर प्रतिपिंड सोडतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली रंगीत ठिपके पाहतात. येथे कोणती पेशी मरत आहे ते कळते. पण प्रतिपिंड ज्याला चिकटले त्याचा आकारमान-भार कळत नाही. एक सोय मिळते, एक जाते.

पानाचा पांढरा भाग

येथे शिक्षकांच्या परिचयाचा एक प्रयोग आठवू. पांढरे-हिरवे पट्टे असलेले मनीप्लांटचे पान आपण उन्हात ठेवतो, नंतर अल्कोहोलमध्ये त्याचा रंग काढतो आणि आयोडीन टाकतो. हिरवा होता तो भाग निळा-काळा होतो. पांढरा भाग तसा होत नाही. या प्रयोगात पांढऱ्या भागाचे मोल हिरव्या भागाइतकेच आहे. तो नसता तर ‘हरितद्रव्य होते म्हणून स्टार्च झाला’ असे आपण म्हणूच शकलो नसतो.

प्रतिपिंडाच्या परीक्षेतही असा पांढरा भाग लागतो. म्हणजे जिच्यात कॅस्पेज-३ मुळातच नाही अशी पेशी. योगायोगाने तशी एक पेशी आधीपासून प्रयोगशाळांत होती. ‘एमसीएफ-७’ नावाच्या स्तनाच्या कर्करोगाच्या पेशी १९७३ पासून जगभर वाढवल्या जातात. या पेशींत कॅस्पेज-३ च्या जनुकातला ४७ अक्षरांचा तुकडा गळालेला आहे आणि त्यामुळे त्या हे प्रथिन बनवू शकत नाहीत, असे १९९८ मध्ये लक्षात आले.

म्हणून परीक्षा अशी घेता येते. एमसीएफ-७ पेशी आणि कॅस्पेज-३ असलेल्या दुसऱ्या पेशी, दोन्हींना मरणाकडे नेणारे एकच रसायन द्यायचे. दुसऱ्या पेशींत पट्टा उमटला आणि एमसीएफ-७ मध्ये उमटला नाही, तर साक्षीदारावर विश्वास बसू लागतो. मग एमसीएफ-७ पेशींत ते जनुक परत घालायचे. पट्टा परत आला, तर विश्वास पक्का होतो. प्रथिन नाही तेथे खूण नाही आणि प्रथिन परत दिले तेथे खूण परत, अशी ही दुहेरी कसोटी आहे.

याच पेशींनी आणखी एक गोष्ट शिकवली. योग्य रसायन दिले तर एमसीएफ-७ पेशीही मरतात. फक्त त्यांच्या डीएनएचे नेहमीसारखे तुकडे पडत नाहीत. म्हणजे पट्टा नाही म्हणून पेशी जिवंत आहे, असे म्हणता येत नाही. उलटही खरे आहे. लाल रक्तपेशी घडत असताना कॅस्पेज-३ काही काळ जागे होते, तरी ती पेशी मरत नाही. साक्षीदार सांगतो ते एवढेच : ‘मला असे टोक दिसले.’ पुढचा अर्थ आपण लावतो.

माशीने दिलेला धडा

आणि ते टोक तरी कॅस्पेज-३ चेच कशावरून? फळमाशीवर संशोधन करणाऱ्यांनी माणसाच्या कॅस्पेज-३ साठी बनवलेले हेच प्रतिपिंड माशीसाठीही वापरले. मरणाऱ्या पेशींत खूण सुरेख उमटे. माशीत ड्राइस आणि डीसीपी-१ ही दोन कॅस्पेजे कात्रीचे काम करतात. प्रतिपिंड त्यांचीच कापलेली टोके ओळखत असणार, असे सर्वांनी गृहीत धरले.

युन फान आणि अँड्रियास बर्गमन यांनी २०१० मध्ये ही ‘पांढऱ्या भागाची’ परीक्षा माशीवर घेतली. ज्या माश्यांत या दोन्ही कात्र्या नाहीत अशा माश्या त्यांनी घेतल्या. खूण उमटायला नको होती, ती उमटली! मग त्यांनी ड्रॉन्क हे आज्ञा देणारे कॅस्पेज काढून टाकले. तेव्हा मात्र खूण गेली. अर्थ स्पष्ट होता. ड्रॉन्क या कात्र्यांखेरीज आणखी निदान एक प्रथिन कापत होते आणि त्याचे मोडलेले टोक आपल्या साक्षीदाराला ओळखीचे वाटत होते. दोन वेगळ्या खडूंची मोडलेली टोके सारखी दिसावीत, तसेच हे.

साक्षीदार खोटे बोलला नव्हता. त्याला जे दिसले ते त्याने सांगितले. आपण त्याला न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर त्याच्या तोंडी घातले होते. हे प्रतिपिंड फेकून द्यावे लागले नाही. माशीत ते ‘कात्री चालू आहे’ असे न सांगता ‘ड्रॉन्क जागे आहे’ असे सांगते, इतकी दुरुस्ती करून ते वापरता येते.

प्रश्न एका प्रतिपिंडापुरता नाही. ६५ प्रथिनांसाठी बाजारात मिळणाऱ्या ६१४ प्रतिपिंडांची अशीच परीक्षा घेऊन तिचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. प्रत्येक वेळी ते प्रथिन असलेल्या पेशी आणि त्याचे जनुक मुद्दाम काढलेल्या पेशी शेजारी शेजारी ठेवल्या होत्या. कामाच्या प्रकारानुसार सुमारे ५० ते ७५ टक्के प्रथिनांसाठी एक तरी चांगले प्रतिपिंड सापडले. पण परीक्षेत न टिकलेली शेकडो प्रतिपिंडे अनेक शोधनिबंधांत वापरली गेली होती, हेही कळले. ज्यांचे जनुक नोंदवून ठेवलेले असते आणि जी प्रत्येक वेळी त्याच जनुकापासून बनवतात, ती प्रतिपिंडे अधिक भरवशाची ठरली. सशागणिक बदलणाऱ्या मिश्रणाचा प्रश्न तेथे येत नाही.

वर्गासाठी

आयोडीन, लिटमस, चुन्याची निवळी हे आपल्या प्रयोगशाळेतले साक्षीदार. प्रत्येकाबाबत विद्यार्थ्यांना तीन प्रश्न विचारावेत. हा नेमके काय ओळखतो? ती गोष्ट नसताना तो गप्प राहतो, हे आपण पाहिले आहे का? तशीच दिसणारी दुसरी कोणती गोष्ट त्याला फसवू शकेल? उदाहरणार्थ, चुन्याची निवळी दुधाळ झाली की आपण ‘कार्बन डायऑक्साइड’ म्हणून मोकळे होतो. सल्फर डायऑक्साइड सोडला तर काय होईल, हे विद्यार्थ्यांना आधी अंदाजाने लिहू द्यावे आणि मग पुस्तकात शोधू द्यावे.