फाशी आणि कायद्याचा विवेक

कडोली गावापासून फार दूर नसलेल्या हिंडलग्याच्या मध्यवर्ती कारागृहात वधस्तंभ आहे. परंतु त्यापर्यंत मनुष्याला नेणारी वाट कायद्याने हळूहळू अरुंद केली आहे. खुनाच्या खटल्यात फाशी न दिल्यास कारणे नमूद करण्याची न्यायाधीशावरील सक्ती १९५५ च्या दुरुस्तीने गेली, आणि १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने उलट फाशीसाठीच विशेष कारणे मागितली. १९८० साली बचनसिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ही शिक्षा दुर्मिळातील दुर्मिळ प्रकरणांपुरती मर्यादित केली. २०१४ साली त्याच न्यायालयाने दयेच्या अर्जावरील अकारण दिरंगाई हे शिक्षा सौम्य करण्याचे कारण मानले. या वाटेवर चूक होऊ नये म्हणून आता गरीब आरोपीला पहिल्याच सुनावणीपासून समर्थ वकील मिळाला पाहिजे. कारण चुकलेली अन्य शिक्षा थांबविता येते, अमलात आलेली फाशी कदापि नाही.