कुटुंब व उपभोक्ता विज्ञान अभ्यासक्रमांची अधिस्वीकृती : महत्त्व आणि मर्यादा

अमेरिकेत 'होम इकॉनॉमिक्स' हा विषय १९०९ साली संघटित झाला. रसायनशास्त्रज्ञ एलन स्वॅलो रिचर्ड्स या संघटनेच्या पहिल्या अध्यक्षा होत. आहार, वस्त्र, बालविकास, निवास, घरखर्च अशा अनेक शाखा त्यात एकत्र नांदत असूनही 'हे तर शिवण-स्वयंपाक' ही हेटाळणी सुटली नाही. १९९४ मध्ये संघटनेने नावात 'फॅमिली अँड कन्झ्युमर सायन्सेस' हे शब्द घेतले. पण केवळ नाव बदलून प्रतिष्ठा मिळत नाही. अभ्यासक्रमाचा दर्जा बाहेरच्या जाणकारांकडून तपासून घ्यावा लागतो.

तेथे अधिस्वीकृती दोन प्रकारची असते. पहिली संपूर्ण महाविद्यालयाची. तिच्याशिवाय विद्यार्थ्यांना केंद्र सरकारचे अर्थसाहाय्य मिळत नाही. दुसरी विशिष्ट अभ्यासक्रमाची. तिच्यासाठी विभाग स्व-मूल्यांकन अहवाल लिहितो, समव्यावसायिकांचे पथक भेट देते आणि ठरावीक मुदतीने नूतनीकरण होते.

दुसऱ्या प्रकाराचे मोल आहारशास्त्रात स्पष्ट दिसते. तेथील नोंदणीकृत आहारतज्ज्ञाच्या परीक्षेसाठी १ जानेवारी २०२४ पासून पदव्युत्तर पदवी आवश्यक झाली आहे. दोन वर्षांच्या कम्युनिटी कॉलेजातील विद्यार्थ्याच्या आवाक्यात राहते ती आहार-तंत्रज्ञाची नोंदणी. परंतु या वाटेने परीक्षेला बसायचे तर अभ्यासक्रम 'एसेंड' या मंडळाने अधिस्वीकृत केलेला हवा. तसा नसेल तर उत्तम गुण मिळवूनही हे दार बंदच राहते, आणि प्रवेश घेताना हे त्याला कोणी सांगितलेले असतेच असे नाही! वस्त्र किंवा घरखर्चाच्या शाखांत अशी सक्ती नसल्याने तेथे अधिस्वीकृतीचा लाभ अप्रत्यक्ष ठरतो.

विभागात एक-दोनच अध्यापक असतील, तर पथकाचा अहवाल हाच त्यांचा आधार होय. प्रयोगशाळा जुनी आहे, कार्यभार जास्त आहे, ही तक्रार अध्यापकाने केली तर कुरकुर समजली जाते. पथकाने लिहिली तर तिची नोंद घ्यावी लागते. अर्थात शुल्क आणि कागदपत्रांचा भार लहान विभागाला जड जातो, आणि नीटनेटका अहवाल म्हणजे चांगले अध्यापन नव्हे.

भारतात १९९४ साली स्थापन झालेल्या 'नॅक'चे मूल्यांकन मुख्यतः संपूर्ण संस्थेचे असते. महाविद्यालयाला श्रेणी मिळते; तिच्यात गृहविज्ञान विभागाचे बळ किती आणि उणीव किती, हे त्या एका अक्षरावरून कळत नाही. वडोदऱ्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात या विषयाची स्वतंत्र विद्याशाखा आहे. एरवी विभाग लहान असतो, आणि पथकाच्या भेटीत त्याच्या वाट्याला थोडाच वेळ येतो. तेवढ्या वेळात दाखविण्यासारखी प्रयोगवही, उत्तीर्ण विद्यार्थिनींच्या नोकऱ्यांची यादी आणि साहित्याची नोंदवही विभागाने वर्षभर स्वतःच जपलेली असावी लागते.