संगणक आज्ञावलीतील संवादचौकट आणि वापरकर्त्याच्या प्रतिसादाची हाताळणी

प्रस्तावना :
शिरूर व दौंड तालुक्यांतील महाविद्यालयीन कार्यालये, पतसंस्था व दूध संकलन केंद्रे यांच्या कामकाजात संगणकीय नोंदींना आज महत्त्वाचे स्थान आहे. नोंद पुसणे, पावती रद्द करणे किंवा काम बंद करणे अशा प्रसंगी आज्ञावली वापरकर्त्यास एका लहान चौकटीत प्रश्न विचारते. या चौकटीस डायलॉग बॉक्स अथवा संवादचौकट असे म्हणतात. प्रश्न विचारणे सोपे असते. उत्तराचा योग्य अर्थ लावणे ही आज्ञावलीकाराची खरी जबाबदारी होय. प्रस्तुत लेखात याच बाबीचे विवेचन केले आहे.

संवादचौकटीचे कार्य :
दौंड जंक्शन येथून सोलापूर, मनमाड व बारामती या दिशांना लोहमार्ग जातात. मार्ग निश्चित झाल्याशिवाय गाडी पुढे सोडली जात नाही. त्याचप्रमाणे मोडल प्रकारची संवादचौकट उघडताच आज्ञावली त्या ओळीवर थांबते आणि उत्तर मिळाल्यावरच पुढील मार्ग निवडते. हे उत्तर अंकरूपात परत येते. व्हिज्युअल बेसिक ६ (१९९८) मध्ये ओके म्हणजे १, कॅन्सल २, अबॉर्ट ३, रिट्राय ४, इग्नोर ५, येस ६ व नो ७ असे मूल्य मिळते. जावाच्या स्विंग संचात मात्र येस ०, नो १, कॅन्सल २ आणि चौकट नुसती बंद केल्यास उणे १ असे मूल्य मिळते. म्हणून अंक पाठ करण्याऐवजी भाषेने दिलेली स्थिरांकांची नावे वापरणे श्रेयस्कर ठरते.

संदिग्ध प्रतिसाद :
समजा, ‘ही नोंद पुसायची का?’ असा प्रश्न आहे आणि ‘उत्तर नो नसेल तर पुसा’ अशी अट लिहिली आहे. विंडोजच्या येस-नो चौकटीत बंद करण्याचे बटण निष्क्रिय असल्याने हा दोष उघड होत नाही. परंतु जावामध्ये वापरकर्त्याने चौकट बंद केली, तर उणे १ हे मूल्य ‘नो’ नसल्यामुळे नोंद पुसली जाते. ‘उत्तर येस असेल तरच पुसा’ अशी अट लिहिल्यास हा धोका टळतो. रेल्वेच्या सिग्नल यंत्रणेत बिघाड झाल्यास सिग्नल ‘थांबा’ दर्शवितो. तेच तत्त्व येथेही लागू पडते. मौन म्हणजे संमती असे आज्ञावलीने मानू नये.

माहिती भरून घेणाऱ्या चौकटीतही असाच भेद आहे. जावामध्ये कॅन्सल केल्यास ‘नल’ हे मूल्य मिळते, तर काही न लिहिता ओके दाबल्यास रिकामी अक्षरमाला मिळते. पहिल्याचा अर्थ माघार, तर दुसऱ्याचा अर्थ अपुरी माहिती असा आहे. ‘बदल जतन करायचे का?’ या प्रश्नाला तर तीन वाटा असतात : जतन करून बंद करणे, जतन न करता बंद करणे आणि बंद करण्याचा विचार सोडणे. जतन करताना अडथळा आल्यास खिडकी उघडीच राहिली पाहिजे. अन्यथा दिवसभराचे काम वाया जाऊ शकते.

बटणांची भाषा :
मराठी आज्ञावलीत आणखी एक अडचण उद्भवते. ‘प्रवेश रद्द करायचा का?’ या प्रश्नाखाली ‘ठीक’ व ‘रद्द’ अशी बटणे असल्यास ‘रद्द’ म्हणजे प्रवेश रद्द की कृती रद्द, हे लिपिकास कळत नाही. त्याऐवजी ‘प्रवेश रद्द करा’ व ‘मागे जा’ अशी क्रियावाचक बटणे असावीत. तयार चौकटीतील बटणांची भाषा सामान्यतः प्रणालीच्या भाषेवर अवलंबून असते. त्यामुळे डॉट नेटमध्ये स्वतंत्र फॉर्म तयार करून प्रत्येक बटणास ‘डायलॉग रिझल्ट’ हा गुणधर्म द्यावा लागतो. जावामध्ये ‘शो ऑप्शन डायलॉग’ ही पद्धत उपयोगी पडते. धोक्याच्या प्रश्नात आपोआप निवडलेले बटण माघारीचे असावे, म्हणजे चुकून एंटर दाबल्याने हानी होत नाही.

निष्कर्ष :
प्रात्यक्षिक परीक्षेत बहुधा ‘येस’ दाबून आज्ञावली तपासली जाते. प्रत्येक बटण, एस्केप कळ आणि चौकट बंद करणे या सर्व वाटा विद्यार्थ्यांकडून तपासून घेतल्यास, उद्या त्यांच्या आज्ञावलीवर विसंबणाऱ्या खातेदाराची वा विद्यार्थ्याची नोंद सुरक्षित राहील.