वसईत फोटो काढायला येताय?

रविवारी सकाळी वसई रोड स्टेशनच्या पश्चिमेला जरा वेळ उभे राहा. लोकलमधून उतरणाऱ्या गर्दीत कॉलेजची पोरं लगेच ओळखू येतात. पाठीवर बॅग, एकाच्या गळ्यात कॅमेरा, बाकीच्यांच्या हातात मोबाइल आणि रिक्षावाल्याला एकच प्रश्न, ‘किल्ल्यात किती घेणार?’ तुमच्यापैकीही बरेच जण असे येऊन गेले असाल. किल्ल्यात जा, जरूर जा. पण मी इथलाच, वसईचा ख्रिस्ती. नोकरी सांभाळून उरलेल्या वेळात गेली बारा वर्षं कॅमेरा घेऊन याच गावांतून फिरतोय. तेवढ्या हक्काने थोडं सांगतो.

आधी किल्लाच घेऊ. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशाहने वसई पोर्तुगीजांच्या हवाली केली आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी ती जिंकून घेतली. मधली दोनशे वर्षं त्या तटबंदीच्या आत अख्खं शहर नांदत होतं. त्यातल्या फ्रान्सिस्कन चर्चचे अवशेष तुम्ही रील्समध्ये नक्की पाहिले असतील. छप्पर नाही, कमानी उभ्या आहेत, खाली दगडी लाद्या. प्री-वेडिंगवाल्यांची ही लाडकी जागा, कारण गाऊनचा घेर पसरायला सपाट फरशी मिळते.

ती नुसती फरशी नाही. त्यातल्या कितीतरी लाद्या म्हणजे कबरी आहेत. वर पोर्तुगीजमध्ये नावं कोरलेली आहेत आणि ती माणसं खाली पुरलेली आहेत.

मी तिथे कुणावर डाफरत नाही. खाली वाकतो, लादीवरची सुकी पानं हाताने बाजूला करतो आणि अक्षरं दाखवतो. बहुतेक जण आपणहून बाजूला सरकतात. एका होणाऱ्या नवरीने तर, ‘अय्या, आम्ही यांच्यावर उभे होतो?’ म्हणत सँडल काढून हातात घेतले आणि आपल्या फोटोग्राफरला आधी त्या दगडाचा फोटो काढायला लावला. तो बिचारा भर दुपारी प्रयत्न करत होता. अक्षरं काही उठेनात. उठणारच नाहीत. डोक्यावरच्या उन्हात कोरीव काम सपाट दिसतं. सकाळी लवकर किंवा सूर्य कलताना या, तिरका उजेड दगडाला घासत गेला की खाचेत सावली बसते आणि नाव वाचता येतं. फ्लॅश मारू नका, तो सगळं पुन्हा सपाट करतो.

ही युक्ती मला पुढे भलत्याच ठिकाणी कामी आली. वसईच्या विजयानंतर मराठ्यांनी इथल्या चर्चच्या घंटा नेल्या आणि त्या देवळांत बांधल्या गेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातली घंटा तुम्ही ऐकून असाल. भीमाशंकरला आहे. वाईजवळ मेणवलीत, नाना फडणवीसांच्या वाड्यामागे कृष्णेच्या घाटावर एक आहे. शाहरुखच्या ‘स्वदेस’चं शूटिंग झालं तोच घाट. त्या घंटेवर बाळ येशूला घेतलेली मारिया कोरलेली आहे. मी तिथे गेलो तेव्हा एक काका शेजारी येऊन उभे राहिले. ‘एवढं काय काढताय?’ मी म्हटलं, ‘ही आमच्या गावची.’ त्यांनी आधी मला, मग घंटेला नीट न्याहाळलं. मग उजेड कुठल्या बाजूने बरा पडतो, ते स्वतःच सांगायला लागले, आणि जाताना म्हणाले, ‘तुमच्या गावाला सांगा, नीट ठेवलीय.’ अशा प्रवासात नाव सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला, ‘म्हणजे तुम्ही गोव्याचे?’ आणि त्यापाठोपाठ, ‘पण मराठी छान बोलता हो!’ काय बोलणार? २०२० च्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो आमच्याच वसईचे होते, एवढं सांगून पुढे सरकतो.

किल्ल्याबाहेर पडलात तर खरी वसई सुरू होते. निर्मळ, नंदाखाल, भुईगाव, आगाशी. केळीच्या बागा, पानवेली, फुलांचे वाफे. आगाशीला सुकेळी बनतात, केळी उन्हात सुकवून. ते काम बघायला मिळालं तर कॅमेरा आधी खाली ठेवून एक खाऊन बघा. आणि या गावांत भेटतात लाल लुगड्यातल्या आज्या. कुपारी म्हणजे सामवेदी ख्रिस्ती समाजाच्या, कादोडी बोलणाऱ्या. त्यांच्या सुना-नाती आता सणाला किंवा कार्यक्रमापुरतं ते लुगडं नेसतात. रोज नेसणाऱ्या थोड्याच उरल्यात.

त्यामुळे होतं काय, बाजारात भाजी घेऊन बसलेल्या आजीसमोर रस्त्याच्या पलीकडून तीन-तीन लांब लेन्स रोखलेल्या असतात. फोटो सुंदर येतात, नाही म्हणत नाही. पण एक आजी मला काय म्हणाली, ते सांगतो. ‘आमचे फोटो काढून नेतात सगळे, आणून कुणी देत नाही.’ तिचा एक फोटो माझ्या मित्राला इन्स्टावर दिसला होता. खाली लिहिलं होतं, गोव्यातील वृद्धा. तिला दाखवला तर ती त्यातल्या भाजीचा भाव सांगायला लागली.

लांबून चोरून काढलेल्या फोटोला ‘कँडिड’ म्हणतात, हे मलाही माहीत आहे. माझं मत विचाराल तर समोर जाऊन बसा, पावशेर काहीतरी विकत घ्या, दोन शब्द बोला आणि मग विचारा. नाही म्हणाली तर नाही. हो म्हणाली तर पहिले चार फोटो अवघडलेले येतील, पाचव्याला ती तुम्हाला विसरून गिऱ्हाइकाशी भांडायला लागेल. तो तुमचा फोटो. आणि पुढच्या खेपेला प्रिंट घेऊन या. एका वडापावच्या पैशात होते.

चर्चमध्ये मात्र माझी स्वतःचीच कसरत होते. मी तिथे पाहुणा नाही, मिस्सेला आलेला भाविक आहे आणि गळ्यात कॅमेराही आहे. सणाच्या मिस्सेत धर्मगुरू भाकर आणि द्राक्षारसाचा प्याला उंचावतात तेव्हा वरच्या खिडकीतून उजेड नेमका त्यांच्या हातांवर पडतो. अशी फ्रेम सोडताना हात शिवशिवतात. पण त्या क्षणी सगळे गुडघ्यावर असतात, आणि मीही असतो. तो फोटो माझ्याकडे नाही. पापनिवेदनाला बसलेल्या माणसाचा फोटो काढत नाही, ख्रिस्तप्रसाद घेताना तोंड उघडलेल्या माणसाचा तर मुळीच नाही. तुम्ही नाताळात याल तेव्हा एवढं पाळा. बाकी गव्हाणी, रोषणाई, गायकवृंद, सगळं मोकळं आहे, फक्त आधी विचारा आणि फ्लॅश बंद ठेवा. हो, आणि बाहेरून चर्च काढताना पांढऱ्या भिंती करड्या येतात अशी तक्रार असते. कॅमेऱ्याला प्रत्येक गोष्ट मध्यम करड्या रंगाचीच वाटते, त्याला तो तरी काय करणार? मोबाइलवर भिंतीला बोट लावा, सूर्याचं चिन्ह येईल ते थोडं वर सरकवा.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं, ते. माझे सगळ्यात जास्त लोकांनी पाहिलेले फोटो किल्ल्याचे नाहीत, घंटेचेही नाहीत. ते निधनाच्या मेसेजमधले आहेत. पहाटे पाच-साडेपाचला फोन येतो. शेजारचा, लांबच्या नात्यातला, कधी फक्त तोंडओळखीचा. ‘आई गेली. तुझ्याकडे तिचा एखादा चांगला फोटो आहे का रे?’ घरात चार मोबाइल असतात. नातवाच्या फोनमध्ये हजारो फोटो असतात. वाढदिवसाच्या केकमागे आजीचं अर्धं तोंड, लग्नाच्या ग्रुपमध्ये तिसऱ्या रांगेत डोळे मिटलेली आजी. एकटीचा असा एकच, आधार कार्डावरचा. तो कसा असतो, तुम्हाला ठाऊक आहे. मग लग्नातला फोटो कापायचा, खांद्यावरचा दुसऱ्या कुणाचा तरी हात पुसायचा. तोच व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो, तोच क्रुसाखाली दगडावर लागतो.

असे पाच-सहा फोन आल्यावर मी ठरवून म्हाताऱ्या माणसांचे एकेकट्याचे फोटो काढायला लागलो. अवघड काही नाही, तुमच्या मोबाइलवर होईल. घराच्या ओटीवर, उन्हाच्या रेषेच्या जरा आत, तोंड अंगणाकडे करून खुर्ची ठेवा. मोबाइल अगदी तोंडाजवळ नेऊ नका, नाक मोठं येतं. दोन पावलं मागे या आणि २एक्सवर घ्या. डोळ्यांत अंगण दिसायला लागलं की काढा. बाकी वेळ गप्पांना द्या. गंमत म्हणजे जिथे कॅमेरा घेऊन जावं तिथे पुरुष लाजतात, बायका नाही.

नंदाखालकडच्या एका आजीने फोटो काढून झाल्यावर मला सरळ विचारलं, ‘हा त्याच्यासाठीच ना?’ सून आत चहा टाकत होती, ती तिथेच थबकली. मी ‘हो’ म्हटलं. आजीने जरा विचार केला. ‘मग थांब, हे रोजचं लुगडं नको.’ आत गेली. लग्नासमारंभाचं ठेवणीतलं लाल लुगडं नेसून, केस विंचरून, गळ्यात सोनं घालून अर्ध्या तासाने बाहेर आली आणि खुर्चीत ताठ बसली. चष्मा काढू का, विचारलं तर म्हणाली, ‘चष्म्याशिवाय मला ओळखणार कोण?’

त्याला आता तीन वर्षं झाली. आजी ठणठणीत आहे. फोटो तिने स्वतःच फ्रेम करून घेतला आणि हॉलमध्ये येशूच्या पवित्र हृदयाच्या तसबिरीशेजारी लावला. नवीन माणूस घरात आला की फोटो बघून गंभीर होतो, आणि आजी आतून त्याला पाणी घेऊन येते. परवा रस्त्यात भेटली, तर म्हणाली एकदा येऊन दुसरा काढ, त्यात मान वाकडी आलीय.