स्वमग्नता आणि प्राचीन विषाणूंचे अवशेष

जुन्या पोथ्यांच्या अभ्यासकांना प्रक्षिप्त भागाचा अनुभव नेहमींचाच आहे. एखादा नकलकार पदरची ओवी घालतो, पुढचा ती मूळचीच समजून उतरून घेतो, आणि चारपांच पिढ्यांनंतर मूळ कोणतें व उपरें कोणतें हें ओळखणें कठीण होतें. एकनाथमहाराजांनीं शके १५०६ मध्यें, म्हणजे इ. स. १५८४ सालीं, ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला तो याच कारणासाठीं. मनुष्याच्या पेशींत आनुवंशिकतेची जी पोथी असते, तिचीहि स्थिति अशीच आहे. फरक इतकाच कीं, येथें भर घालणारे नकलकार नसून विषाणु होते.

विषाणूंचें एक कुल असें आहे कीं, तें आपला मजकूर यजमानाच्या डीएनएमध्येंच लिहून ठेवतें. आरएनएवरून डीएनए लिहिण्याची ही उलटी क्रिया घडविणारें द्रव्य हॉवर्ड टेमिन व डेव्हिड बाल्टिमोर या अमेरिकन शास्त्रज्ञांनीं १९७० सालीं स्वतंत्रपणें शोधून काढलें. १९७५ च्या नोबेल पारितोषिकांत दोघांनाहि वाटा मिळाला. अशा विषाणूनें लाखों वर्षांपूर्वीं एखाद्या पूर्वजाच्या बीजपेशींत प्रवेश केला असेल, तर त्याचा मजकूर वंशपरंपरेनें खालीं उतरतो. २००१ सालीं मानवी डीएनएचा पहिला आराखडा प्रसिद्ध झाला, तेव्हां त्याचा सुमारें ८ टक्के भाग अशा अवशेषांचा असल्याचें दिसून आलें. उलट, शरीराचीं प्रथिनें घडविणारा भाग २ टक्क्यांहूनहि कमी!

हे सारेच अवशेष निरुपयोगी नाहींत. गर्भाला पोसणारी वार तयार होतांना सिन्सिटिन नांवाचें जें प्रथिन लागतें, तें अशाच एका विषाणूची देणगी होय. बाकीचे बहुतेक मोडकेतोडके असून पेशी त्यांवर जणूं रासायनिक मोहोर लावून त्यांना गप्प ठेवते.

ही मोहोर सैल झाली तर त्या मजकुराच्या नकला निघूं लागतात. पेशींतील पहारेकऱ्यांना त्या परक्या विषाणूसारख्या भासतात आणि प्रतिकारयंत्रणा, शत्रु नसतांहि, शस्त्र उपसते. स्वमग्नतेचा संबंध येथें येतो. २०१२ सालीं इटलींतील संशोधकांनीं स्वमग्न मुलांच्या रक्तपेशी तपासल्या. त्यांत ‘एच’ कुलाच्या अवशेषांची जाग इतर मुलांपेक्षां अधिक, तर ‘डब्ल्यू’ कुलाची कमी आढळली. तत्पूर्वीं, २००५ सालीं, अमेरिकेंतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनीं ११ मृत स्वमग्न व्यक्तींचे मेंदू तपासले असतां रक्षक पेशी उद्दीपित झालेल्या दिसल्या होत्या. या पेशी केवळ पहारा करीत नाहींत. बालपणीं मज्जापेशींमधील अनावश्यक जोड छाटण्याचें माळीकामहि त्याच करतात. माळीच सदैव लढाईच्या पवित्र्यांत राहिला, तर बागेची छाटणी बिघडावी, असा शास्त्रज्ञांचा तर्क आहे.

तथापि तर्क म्हणजे सिद्धान्त नव्हे. अवशेष जागे झाल्यामुळें प्रतिकारयंत्रणा खवळते, कीं ती खवळल्यामुळें अवशेष जागे होतात, कीं दोहोंचें कारण तिसरेंच आहे, याचा निवाडा झालेला नाहीं. दोन गोष्टी एकत्र आढळल्या म्हणून एक दुसरीचें कारण ठरत नाहीं.

हा विवेक केवळ पंडितांच्या कामाचा नव्हे. लिओ कॅनर यांनीं १९४३ सालीं ११ मुलांच्या निरीक्षणावरून स्वमग्नतेचें वर्णन केलें. पुढें कित्येक वर्षें आईच्या थंड वागणुकीवर दोष ठेवण्यांत आला, आणि आधींच दुःखी असलेल्या मातांच्या माथीं अपराधाचें ओझें बसलें. १९९८ सालीं गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लशीवर आळ आला. तो निबंध ‘लॅन्सेट’नें २०१० सालीं मागें घेतला, पण तोंवर अनेक घरांनीं भीतीनें लस नाकारली होती.

‘विषाणु’ या शब्दानें तशीच तिसरी चूक घडूं नये. हे अवशेष प्रत्येक मनुष्यांत आहेत. ते संसर्गानें लागत नाहींत, त्यांत मातेचा दोष नाहीं, आणि विषाणुनाशक औषधानें स्वमग्नता बरी होते असें सिद्ध झालेलें नाहीं. तशी हमी देणाऱ्यापासून गृहस्थानें दूर राहावें. भाषा, संवाद आणि नित्याचे व्यवहार धीरानें व लवकर शिकविण्यानें मात्र पुष्कळ मुलांना खरा आधार मिळतो. पोथींतील प्रक्षिप्त भागाचा अर्थ विद्वान् लावतील. घरांतील मुलाला तोंवर थांबवून ठेवण्याचें कारण नाहीं.